तरफेची बंदूक आणि तिची नक्कल

वाचकहो, दिवाळी जवळ आली की आपल्या गावागावांत पोरे अंगणात किल्ला करायला बसतात. चार दगड, दोन पाट्या माती, थोडे गोणपाट, वर पेरलेली मोहरी, आणि झाला राजगड. त्या मातीच्या ढिगात पोर बरेच काही शिकते. बुरूज कुठे असतो, दरवाजा वळणावर का ठेवतात, पाण्याचे टाके वर कसे, हे पुस्तकातल्या दहा पानांनी समजत नाही ते एका ओल्या मातीच्या ढिगाने समजते. पण त्याच किल्ल्यावर बाजारातून आणलेला वाघ मावळ्यापेक्षा मोठा असतो, आणि कधी कधी पायथ्याशी मोटारगाडीही उभी असते. म्हणजे नक्कल शिकवते, आणि नक्कल फसवतेही. दोन्ही गोष्टी एकाच ढिगात.

आज मी तुम्हांला सांगणार आहे ती गोष्ट अशाच एका नकलेची आहे. ती आपल्या मुलखातली नाही, अमेरिकेतली आहे. तिथे जुन्या काळची एक बंदूक फार प्रसिद्ध आहे. खाली एक तरफ, ती ओढली आणि परत मिटली की बंदूक पुन्हा भरलेली. तिला तिकडे लिव्हर-ॲक्शन रायफल म्हणतात. आपण तरफेची बंदूक म्हणू. मूळ बंदुका आता जुन्या झाल्या, दुर्मिळ झाल्या, आणि चांगल्या स्थितीतल्या एकेका बंदुकीला हजारो डॉलर पडू लागले. म्हणून तिच्या परवडणाऱ्या हुबेहूब नकला इटलीत, ब्राझीलमध्ये, जपानात बनतात आणि अमेरिकेत विकल्या जातात. एखादा साधा नोकरदार किंवा शेतकरी तिथे अशी नक्कल विकत घेतो आणि म्हणतो, ‘मी इतिहासाचा एक तुकडा घरी आणला.’ त्याने खरोखर काय आणले, हा आजचा आपला प्रश्न.

आधी मूळ वस्तू समजून घेऊ. आपल्याकडे जुन्या घरांत ठासणीची बंदूक होती, ती पुष्कळांनी पाहिली असेल. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, गोळी घालायची, गजाने ठासायची, मागे टोपी बसवायची, मग बार. सरावलेला शिपाई मिनिटाला दोन-तीन बार काढी. तेवढ्या वेळात समोरचा घोडेस्वार अंगावर येऊन पडे. मग एका बंदुकीत एकामागून एक दहा-पंधरा बार काढता येतील का, या प्रश्नाने एकोणिसाव्या शतकातल्या कारागिरांना पछाडले होते.

या प्रश्नाला हात घालणाऱ्यांत वॉल्टर हंट नावाचा एक अमेरिकन होता. मोठा कल्पक माणूस, पण व्यवहारात कच्चा. आज तुमच्या आमच्या घरात लहान मुलाच्या झबल्याला जी सेफ्टी पिन असते, ती १८४९ साली पेटंट घेऊन याच माणसाने दिली. आणि थोडक्या पैशांत तिचा हक्क विकून टाकला. त्याच सुमारास त्याने पोकळ गोळीच्या पोटातच दारू भरली, आणि नळीखाली दुसरी नळी बसवून तिच्यात अशा गोळ्यांची रांग ठेवण्याची युक्ती काढली. युक्ती चांगली, पण यंत्र नाजूक. ते दुसऱ्यांनी सुधारले, तिसऱ्यांनी सुधारले. त्या तिसऱ्यांत होरेस स्मिथ आणि डॅनियल वेसन हे दोघे होते, जे पुढे पिस्तुलांसाठी नावाजले. १८५५ साली व्होल्कॅनिक नावाची कंपनी निघाली. तिच्या भागीदारांत एक गृहस्थ होते ऑलिव्हर विंचेस्टर. यांचा मूळ धंदा काय होता म्हणाल? सदरे शिवून विकण्याचा! कनेटिकट राज्यातल्या न्यू हेवन गावात त्यांचा सदऱ्यांचा मोठा कारखाना होता. बंदुकीतले त्यांना फारसे कळत नसावे, पण माणूस आणि बाजार दोन्ही कळत होते. व्होल्कॅनिक कंपनी बुडाली, तेव्हा तिचा पसारा त्यांनी ताब्यात घेतला, १८५७ साली नवी कंपनी काढली, आणि बेंजामिन टायलर हेन्री नावाच्या हुशार कारागिराला तिथे नेमले.

हेन्रीने मूळ रोग ओळखला. रोग बंदुकीत नव्हता, गोळीत होता. गोळीच्या पोटात दारू मावणार किती? बार फुसका निघे. हेन्रीने तांब्याच्या टोपणात दारू आणि पुढे गोळी असे घट्ट काडतूस केले, आणि त्याला साजेशी बंदूक बनवली. तिचे पेटंट १६ ऑक्टोबर १८६० चे.

ती चालते कशी, ते नीट पाहा. कारण सगळी गंमत त्यातच आहे. पहारीने दगड उचकटताना आपण जी तरफ वापरतो, तीच इथे बोटांच्या जोराला मदत करते. चापाभोवतीचे लोखंडी कडे म्हणजेच ती तरफ. ते कडे खाली ढकलले की बंदुकीच्या पोटातला खिट्टीसारखा दांडा मागे सरकतो. मागे सरकताना रिकामे टोपण ओढून बाहेर फेकतो आणि घोडा चढवतो. त्याच वेळी नळीखालच्या रांगेतले नवे काडतूस एका लहानशा पाळण्यात बसून वर येते. कडे वर मिटले की दांडा पुढे जातो आणि काडतूस नळीत लोटतो. खाली, वर, बार. खाली, वर, बार. डोळ्यासमोरून बंदूक हलवायलाही नको. एकदा भरली की पंधरा-सोळा बार.

मग अमेरिकेचे यादवी युद्ध सुरू झाले, १८६१ ते १८६५. तुम्हांला वाटेल, सरकारने लगेच लाखभर हेन्री बंदुका घेतल्या असतील. तसे झाले नाही. दारूगोळ्याचा खर्च फार होईल, शिपाई उगाच गोळ्या उधळतील, अशी वरिष्ठांना भीती. साऱ्या युद्धात सरकारने घेतल्या त्या फक्त १,७३१. एकूण हेन्री बंदुका बनल्याच मुळी सुमारे चौदा हजार. पण काही शिपायांनी काय केले ते ऐका. साध्या शिपायाचा पगार महिन्याला १३ डॉलर, आणि हेन्रीची किंमत चाळीस-बेचाळीस डॉलर. म्हणजे तीन महिन्यांच्या पगाराहून जास्त! इलिनॉय राज्याच्या सातव्या पायदळ पलटणीतल्या शिपायांनी ती पदरमोड करून घेतली. ऑक्टोबर १८६४ मध्ये जॉर्जियातल्या ॲलाटूना खिंडीत ही पलटण होती. समोर शत्रू संख्येने जास्त, आणि मागे रसदीचे कोठार. तिथे या बंदुकांनी फार मोठे काम केले. आपल्या जिवाचे मोल सरकारने कमी धरले, तेव्हा त्या गरीब पोरांनी ते स्वतःच्या खिशातून भरले, असेच म्हणावे लागेल. ‘परवडणारी बंदूक’ हा शब्द आज आपण सहज वापरतो. तेव्हा परवडणे म्हणजे काय होते, ते या तीन महिन्यांच्या पगारावरून ध्यानात ठेवा.

हेन्रीत खोटही होती. काडतुसांच्या नळीला खालून लांब चीर होती. तिच्यातून धूळ आणि चिखल आत जाई. शिवाय पुढे लाकूड नसल्याने नळी तापली की हात भाजे. १८६६ साली नेल्सन किंग या कारागिराच्या युक्तीने बंदुकीच्या उजव्या कुशीत एक लहान झडप बसली. त्या झडपेतून काडतूस दाबले की आत. नळी बंद झाली, पुढे लाकडी मूठ आली. त्याच वर्षी कंपनीला विंचेस्टर हे नाव मिळाले. या १८६६ च्या बंदुकीचा पोटाचा भाग पिवळ्या धातूचा, पितळेसारखा चमकणारा. म्हणून लोक तिला ‘यलो बॉय’, म्हणजे पिवळी, म्हणू लागले.

या पिवळीने मोठे नाव काढले ते अमेरिकेत नव्हे, तुर्कस्तानच्या सैन्यात. १८७७ साली रशिया आणि तुर्कस्तान यांचे युद्ध झाले. आजच्या बल्गेरियातले प्लेव्हना हे गाव उस्मान पाशा या तुर्की सेनापतीने जवळजवळ पाच महिने लढवले. त्याच्या शिपायांपाशी दूरच्या माऱ्यासाठी एकबारी बंदुका होत्या, आणि जवळ आलेल्या शत्रूसाठी विंचेस्टर. रशियन पलटणी चालून आल्या आणि हजारोंनी पडल्या. अखेर उपासमारीने गाव पडले, पण युरोपातल्या सेनापतींना जो धडा मिळायचा तो मिळाला.

त्यानंतर आली १८७३ ची बंदूक, जिच्या नकला आज सर्वांत जास्त खपतात त्यांतली एक. पोट आता लोखंडाचे, पुढे पोलादाचे. काडतूसही सुधारलेले. पूर्वी टोपणाच्या काठावर घोडा आपटे. आता टोपणाच्या बुडाशी मधोमध टिकली आली. दिवाळीत पोरांच्या पिस्तुलात टिकली फुटते, तशीच ही, फक्त तिच्यामागे दारू. काही वर्षांनी कोल्ट कंपनीने आपली पिस्तुलेही याच काडतुसाची केली. मग कमरेचे पिस्तूल आणि खोगिराची बंदूक, दोघांना एकच पट्टा पुरू लागला. दूर माळावर राहणाऱ्या माणसाला, जिथे दुकान दोन दिवसांच्या वाटेवर, याचे केवढे सुख! १९२० च्या दशकापर्यंत या बंदुका सात लाखांहून अधिक निघाल्या.

आता गोष्टीची दुसरी बाजू. गुरुजी, वर्गात सांगताना ही बाजू गाळू नका. विंचेस्टर कंपनीने पुढे जाहिरात केली की पश्चिम मुलूख जिंकला तो या बंदुकीने. पण कोणाचा मुलूख, आणि कोणी जिंकला? लाकोटा, शायेन वगैरे लोक त्या माळांवर पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. १८६८ साली अमेरिकन सरकारने त्यांच्याशी करार करून काळ्या डोंगरांचा प्रदेश त्यांचा मान्य केला. १८७४ साली तिथे सोने सापडले, आणि करार कागदावरच राहिला. २५ जून १८७६ रोजी लिटल बिगहॉर्न नदीकाठी कर्नल कस्टर आणि त्याच्या हाताखालचे दोनशेहून अधिक घोडेस्वार लाकोटा व शायेन वीरांनी कापून काढले.

पुढे शंभर वर्षांनी, १९८३ साली, त्या रणभूमीवर वणवा लागून गवत जळाले. उघड्या जमिनीवर पुरातत्त्वज्ञांनी धातुशोधक यंत्रे घेऊन इंच इंच शोध केला. सापडलेले प्रत्येक टोपण, प्रत्येक गोळी नकाशावर मांडली. त्यांत हेन्री आणि विंचेस्टरची टोपणे निघाली. ती कस्टरच्या शिपायांची नव्हती! सरकारी शिपायांच्या हाती १८७३ ची एकबारी स्प्रिंगफील्ड बंदूक होती. तरफेच्या बंदुका होत्या त्या समोरच्या लाकोटा-शायेनांपैकी काहींच्या हाती. बाकी पुष्कळांपाशी धनुष्यबाण. म्हणजे ज्या बंदुकीने मुलूख जिंकला म्हणून जाहिरात झाली, तीच त्या दिवशी मुलूख राखणाऱ्यांच्या हातात होती. आणि अमेरिकन पायदळाने तर १८९० च्या दशकापर्यंत एकबारीच वापरली. माळावरचे कोट्यवधी गवे मारले गेले, ज्यांच्यावर त्या लोकांचे अन्नवस्त्र होते, तेही बहुतांशी जड एकबारी बंदुकांनी. मुलूख एका बंदुकीने गेला नाही. तो रेल्वेने गेला, मोडलेल्या करारांनी गेला, रोगराईने आणि भुकेने गेला. बंदूक हे त्यातले एक हत्यार.

आणि याच वेळी आपल्याकडे काय चालले होते? १८७८ साली, लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत, इंग्रज सरकारने हत्यारांचा कायदा केला. हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगता येईना. गोऱ्यांना मात्र मोकळीक. पुढच्याच वर्षी वासुदेव बळवंत फडके यांनी पुणे भागात बंड उभारले. तिकडे अमेरिकेत वाण्याच्या दुकानात विंचेस्टर टांगलेली, इकडे हत्यार परवान्याच्या कुलपात. जगाचा इतिहास असा शेजारी शेजारी ठेवून पाहिला म्हणजे नीट दिसतो.

पुढे विंचेस्टर कंपनीला जॉन ब्राउनिंग हा असामान्य कारागीर लाभला. १८७३ च्या बंदुकीची कुलूपपट्टी नाजूक होती. जोरदार काडतूस तिला सोसत नसे. ब्राउनिंगने १८९२ च्या बंदुकीत दांड्याच्या मागे दोन उभ्या पोलादी खिट्ट्या दिल्या. आपल्या वाड्याच्या दरवाजाला अडसर घालावा, तशा त्या वर येऊन बसतात. बंदूक हलकी झाली, सुटसुटीत झाली, आणि दुप्पट भक्कम झाली. त्याचीच १८९४ ची बंदूक तर सत्तर लाखांहून अधिक खपली. पण काळ कोणासाठी थांबतो? १९६४ साली कंपनीने खर्च वाचवण्यासाठी घडणीत काटछाट केली, आणि जुने गिऱ्हाईक नाराज झाले. १९६४ च्या आधीची बंदूक म्हटले की आजही तिकडे जास्त पैसे मोजतात. अखेर २००६ साली न्यू हेवनचा तो जुना कारखाना बंद पडला.

आता नकलेकडे येऊ. १९६१ साली यादवी युद्धाला शंभर वर्षे होणार होती. अमेरिकेत जुने गणवेश घालून जुन्या लढाया पुन्हा उभ्या करण्याची हौस वाढली. हौशी माणसाला जुनी बंदूक हवी, पण खरी जुनी बंदूक महाग, आणि तिने बार काढणे धोक्याचे. न्यू जर्सीचे एक व्यापारी, व्हॅल फोर्जेट, इटलीला गेले. तिथे ब्रेशिया प्रांतात व्हाल त्रोंपिया नावाचे खोरे आहे आणि त्यात गार्दोने हे गाव. डोंगरात लोखंडाची खाण, खाली वाहती नदी. मग शेकडो वर्षे तिथे बंदुकीच्या नळ्या घडत आल्या यात नवल काय? १५२६ साली याच गावच्या बेरेत्ता घराण्याने व्हेनिसच्या शस्त्रागाराला १८५ नळ्या विकल्याची नोंद आहे. या गावात आल्दो उबेर्ती यांनी १९५९ साली जुन्या कोल्ट पिस्तुलाच्या नकलेपासून कारखाना सुरू केला. पुढे त्यांनी १८६६ ची पिवळी केली, १८७३ केली, हेन्री केली. जे अमेरिकेत बनेनासे झाले, ते इटलीतल्या खोऱ्यात पुन्हा जन्मले.

ब्राझीलची गोष्ट आणखी वेगळी. दक्षिणेकडच्या साओ लेओपोल्दो या गावी रॉसी नावाचा जुना कारखाना आहे, १८८९ पासूनचा. दक्षिण अमेरिकेत १८९२ ची विंचेस्टर आणि तिची स्पेनच्या एइबार गावात झालेली ‘एल तिग्रे’, म्हणजे ‘वाघ’, या नावाची नक्कल शेतावर, रानात वर्षानुवर्षे वापरात होती. रॉसीने १९७० च्या दशकात १८९२ ची नक्कल काढली. तिच्यावर झगमगाट नाही, नकसकाम नाही. लाकूड साधे, किंमत इटालियन नकलेपेक्षा बरीच कमी. ज्याला भिंतीवर टांगायची नाही, वापरायची आहे, तो ही घेतो. आणि गंमत पाहा, आज विंचेस्टर हे मूळ नाव कोरलेल्या तरफेच्या बंदुका बनतात त्या जपानातल्या कोची प्रांतात, मिरोकू नावाच्या कारखान्यात! नाव अमेरिकेचे, घडण जपानची. मग मूळ कोणते आणि नक्कल कोणती, सांगा बरे?

अशी नक्कल विकत घेणाऱ्या तिकडच्या माणसाने काय पाहावे? जुनी वस्तू पारखण्याचे शिक्षण यात आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट, नावाला भुलू नये. आज हेन्री या नावाने तरफेच्या बंदुका विकणारी एक मोठी अमेरिकन कंपनी आहे. ती १९९६ साली सुरू झाली. बंदुका चांगल्या असतील, पण जुन्या बेंजामिन हेन्रीशी तिचे नाते नावापुरते. दुसरी गोष्ट, काडतूस विचारावे. मूळ हेन्रीचे काठावर फुटणारे काडतूस बाजारातून केव्हाच नाहीसे झाले. म्हणून इटालियन हेन्री दुसऱ्या, लांब काडतुसांसाठी केलेली असते, आणि त्यासाठी तिचे पोटही मुळापेक्षा किंचित लांब केलेले असते. पुष्कळ नकला ४५ कोल्ट या पिस्तुलाच्या काडतुसाच्या असतात; पण एकोणिसाव्या शतकात विंचेस्टरने तरफेची बंदूक या काडतुसासाठी विकलीच नाही. म्हणजे ही नक्कल अशा वस्तूची, जी कधी नव्हतीच! तिसरी गोष्ट, गोळी चपट्या तोंडाची हवी. नळीत काडतुसे एकामागे एक निजलेली असतात. मागच्याचे टोक पुढच्याच्या टिकलीला टेकते. टोक अणकुचीदार असले आणि धक्का बसला, तर नळीतच बार व्हायचा. चौथी गोष्ट, खुणा वाचाव्यात. इटलीत प्रत्येक नळी सरकारमान्य चाचणीघरात जादा दाबाने उडवून पाहतात, आणि तिच्यावर ठसा मारून वर्षाची अक्षरेही कोरतात. लबाड माणूस अशी नक्कल आम्लाने गंजवतो, ठसे घासतो, आणि शंभर वर्षांची म्हणून विकतो. ठसा खरे बोलतो. म्हणून ज्या जागी ठसा असायचा ती जागा घासलेली दिसली, की समजावे, इथे काहीतरी लपवले आहे. आपण ताम्रपट तपासतो, जुना बखरीचा कागद तपासतो, तेच शास्त्र.

पाचवी गोष्ट कायद्याची, आणि ती मोठी मौजेची. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्याप्रमाणे १८९८ पर्यंत बनलेली बंदूक पुराणवस्तू मानतात. म्हणून १८९० साली बनलेली खरी विंचेस्टर घ्यायला तिथे केंद्रीय कायद्याची फारशी आडकाठी नाही. पण तिचीच, तेच काडतूस उडवणारी, कालपरवा बनलेली नक्कल घ्यायची तर परवानाधारक दुकान, अर्ज आणि गिऱ्हाइकाची चौकशी. बार दोघींचा सारखाच, पण कायद्याच्या डोळ्यांत एक म्हातारी आणि एक तरुण.

आणि शेवटची गोष्ट, आपण कशाची नक्कल घेतो आहोत हे स्वतःला विचारावे. १९३९ साली ‘स्टेजकोच’ नावाचा प्रसिद्ध चित्रपट निघाला. त्याची कथा १८८० सालची. त्यात नट जॉन वेन याच्या हाती मोठ्या कड्याची बंदूक आहे, ती एका हाताने गरकन फिरवून तो भरतो. ती बंदूक १८९२ ची! कथेच्या वेळी ती जन्मलीच नव्हती. तिचे ते मोठे कडे चित्रपटासाठी केलेले. पण लोकांच्या डोळ्यांत तीच बसली, आणि आज मोठ्या कड्याच्या नकला मुद्दाम बनवून विकतात. हौशी माणूस ती घेतो आणि समजतो, हाच इतिहास. वाचकहो, हा दिवाळीच्या किल्ल्यावरचा वाघ झाला! इतिहासाची नव्हे, गोष्टीची नक्कल.

आता कोणी म्हणेल, आपल्याला याचे काय? आपल्याकडे १९५९ चा हत्यारांचा कायदा आहे. परवान्याशिवाय अशी बंदूक, मग ती नक्कल का असेना, बाळगता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानेवाल्यालाही दोनच हत्यारे. म्हणून कोणी विंचेस्टर घ्यायला निघावे असे मी सुचवत नाही. पण शाळेची सहल मुंबईला गेली, तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शस्त्रांचे दालन आहे, तिथे मुलांना थोडा वेळ थांबवा. तलवार चमकते का, हे विचारू नका. ही कोणी घडवली, कोणाला परवडली, कोणाच्या हाती होती, आणि समोर कोण होते, हे चार प्रश्न विचारा. जिथे खरी वस्तू नाही, तिथे नकलेपुढेही हेच चार प्रश्न चालतात.

त्या अमेरिकन गिऱ्हाइकाला मी नावे ठेवत नाही. त्याने पैसे जमवून नक्कल आणली, रविवारी माळावर नेली, आणि कडे खाली-वर केले. त्या एका खटक्यात हेन्रीची बुद्धी त्याच्या बोटांना कळते, तीन महिन्यांचा पगार मोजणारा शिपाई आठवू शकतो, आणि लिटल बिगहॉर्नच्या काठावरचा लाकोटा वीरही आठवू शकतो. आठवले, तर त्याने इतिहास घरी आणला. नाही आठवले, तर लाकूड आणि पोलाद आणले. नकलेत काही कमी नसते. जे भरायचे ते आपल्याला भरावे लागते.

तेव्हा येत्या दिवाळीला पोरे किल्ला करायला बसली, की त्यांच्याशेजारी घटकाभर बसा. वाघ ठेवू द्या. पोरांचा आनंद आहे तो. फक्त एवढे विचारा, ‘बाळ, या दरवाजाने आत कोण येत असे, आणि कोणाला येऊ देत नसत?’ त्याने उत्तर शोधायला सुरुवात केली, की मातीचा किल्ला खरा झाला म्हणून समजा.